सुई मायला, हगवण पिलाला

१

सोमवारी रात्री सुंदरीला अकरा पिलं झाली होती. शुक्रवारी सकाळी त्यातली पाच मेलेली सापडली, उरलेली सहा पाण्यासारखं हगत होती, आणि नऊ वाजेपर्यंत माझी भाची दीपिका खुनी ठरली होती.

सुंदरी म्हणजे डुकरीण. पांढरीफेक, दोन क्विंटलची, आणि चावरी. चारठाण्याच्या अलीकडं भुजंगच्या शेतात वराहपालनाचं शेड आहे, तिथं ती राहते. आपल्याकडं चांगल्या घरच्या पोरानं डुकरं पाळली की पाहुणे त्याच्या घरचं पाणी प्यायचं सोडतात. भुजंगचे तर सगळेच पाहुणे सुटले होते. तरी त्यानं हट्टानं तीन डुकरिणी आणल्या, राणी, सुंदरी आणि कमळी. पिलांना लागणारी विषाणूची हगवण टळावी म्हणून तिघींना व्यायच्या आधी दोनदा लस टोचून घेतली. टोचणारी दीपिका. ती पशुसखी आहे, चौदा गावांत फिरून शेळ्या-कोंबड्यांना लसी देते, त्यावर तिचं घर चालतं.

"मावशी, लवकर ये," ती फोनवर हुंदके देत होती. "मपली लसीची पेटी ठेवून घेतली यायनी. मी लस विकून पाणी टोचलं म्हणायलेत. भुजंगभाऊनं अर्ज लिहिलाय, चार वाजता पंचायत समितीत द्यायला निघणार हाय. तो अर्ज गेला की मला कुणी गोठ्यात पाय ठिवू देणार न्हाई."

"जनावराचे डॉक्टर कुठं आहेत?"

"मीटिंगला. फोन बंद हाय."

मी एकतीस वर्षं त्याच गावच्या उपकेंद्रात सिस्टर होते. सुया टोचल्या त्या माणसांना, पण सुई ती सुई आणि आळ तो आळ. माझं नाव नर्मदाबाई. लोक म्हणतात मी तापट आहे, आणि लोक याबाबतीत खरं बोलतात. पर्समध्ये सलाइनच्या पावडरीची पाकिटं टाकली, सेलूच्या नाक्यावर काळीपिवळीत बसले आणि पावणेअकराला भुजंगच्या शेडसमोर उतरले.

उतरल्या उतरल्या भुजंगनं तोंड सोडलं. "सिस्टर, आता तुमीच इन्साफ करा! हगवण पिलाला अन् सुई मायला? अशी कुठं रीत हाय का? मी तवाच म्हणलो व्हतो, ही पोरगी मला येडं बनवायलीय!"

"भुजंग, तू पोटात होतास तेव्हा धनुर्वाताची सुई मी तुझ्या आईला टोचली. कशापायी? जन्मल्यावर तुला धनुर्वात होऊ नये म्हणून. ती टोचली नसती तर आज ओरडायला तू इथं उभा नसतास. आता गप बस आणि पिलं दाखव."

तो पुढं होऊन शेडाचं दार उघडायला लागला. मीच त्याची नाळ कापलेली, बोलणार काय?

पिलं शेडच्या कोपऱ्यात एका मोठ्या टोपल्यात होती, खाली गोणपाट, वर पिवळा बल्ब. सहाच्या सहा मलूल. टोपल्याशेजारी म्हाळसाबाई उकिडवी बसली होती. साठीची बाई, शेळ्यामेंढ्यांत जन्म गेलेला, भुजंगनं डुकरं सांभाळायला ठेवलेली. तिचे डोळे रडून सुजले होते.

"टोपल्यात कशाला ठेवलीत गं?" मी विचारलं.

"सुंदरी लय जड हाय, सिस्टर. अंगाखाली चिरडती लेकरायला."

ते पटण्यासारखं होतं. मी पावडर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवली आणि म्हाळसाबाईला घोट घोट पाजायला लावली. तेवढ्यात पलीकडून दीपिकाचा आवाज आला. "मावशी, इकडं बघ! कमळी गवत गोळा करायली. ही आजच व्यायची. काय चुकलं ते कळलं न्हाई तर हिची पिलं बी जातील गं!"

२

दीपिकाला बाहेर लिंबाखाली बसवलं आणि पहिला जबाब तिचाच घेतला. भाची असली म्हणून काय झालं.

"खरं सांग. पेटीतला बर्फ वितळला होता का?"

"न्हाई मावशी! अन् लस खराब असती तर राणीची पिलं कशी वाचली? तिघींना एकाच बाटलीतून टोचलंय, एकाच दिवशी."

हे मात्र बिनतोड होतं. राणी बारा दिवसांपूर्वी व्याली होती. तिची बाराही पिलं शेडभर दंगा करत होती, एकाला साधी शिंक नाही. आणि मधली भिंत कमरेएवढीच. जी हवा राणीला तीच सुंदरीला.

"म्हणजे सुंदरीलाच टोचलं नसशील. चावते म्हणून घाबरली असशील."

पोरीनं माझ्याकडं असं बघितलं की माझीच मला लाज वाटली. "दोन्ही बारीला टोचलं. म्हाळसाबाईनं कान धरला व्हता तिचा."

भुजंगला बोलावलं. "सुंदरीला टोचताना तू कुठं होतास?"

"तिथंच."

"तिथंच म्हणजे कुठं?"

त्यानं जरा इकडंतिकडं बघितलं. "पाण्याच्या टाकीवर."

"टाकीवर काय करत होतास?"

"सिस्टर, ती दावं तोडून माझ्या अंगावर आलती! माणसानं करावं तर काय करावं?"

म्हणजे मालकानं काही बघितलंच नव्हतं, आणि अर्ज लिहायला बसला होता. मी म्हाळसाबाईला हाक मारली. ती हात पुसत आली आणि एका दमात बोलली, "पोरीनं दोन्ही टाइमाला सुई टोचली. बाटलीतून औषध वढताना मी ह्या डोळ्यानं बगितलं. खंडोबाची आण. कुणी खोटं म्हणलं तर सुंदरीचा कान त्येनं धरून दावावा."

कान धरायला कोणी पुढं आलं नाही.

मग लस चांगली, सुई टोचलेली, तरी पिलं मेली. माझ्या डोक्यात काहीच शिरेना. धनुर्वाताच्या सुईचं मला ठाऊक आहे. आईच्या दंडात टोचली की तिच्या अंगात औषध तयार होतं आणि नाळेतून बाळाच्या रक्तात जातं, बाळ जन्मतं तेच चिलखत घालून. सुंदरीच्या पिलांचं चिलखत मग गेलं कुठं?

डोकं चालेनासं झालं की मला चहा लागतो. भुजंगची बायको राजेश्री कप घेऊन आली. कपात बघते तर कोरा चहा.

"दूध कुठंय गं?"

"न्हाई हो सिस्टर. म्हाळसाबाईच्या शेळीचं घेतो आमी, तर ती चार रोज झाले आटली म्हणं." एवढं सांगून ती माझ्या कानाशी लागली. "एक गोष्ट हाय. ह्यांना सांगितली तर डोकी फुटतील. मंगळवारी दुपारी शेडात कुणीतरी शिरलं व्हतं."

३

आधी मला राजेश्रीचाच संशय होता. डुकरांपायी तिचं माहेर तुटलं होतं. भाऊ राखीला यायचा थांबला होता. पण मेलेल्या पिलांचं नाव काढलं तशी ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. "मला ही डुकरं आवडत न्हाईत, खरं हाय. पण लेकरू ते लेकरूच की हो." खोटं रडणं मी एकतीस वर्षं बघितलंय, विशेषतः सुई टोचायच्या आधी. हे खरं होतं.

सुंदरीच्या मागच्या भिंतीशी मी वाकून बघितलं. भिंतीवर खडूच्या खुणा होत्या, हातहातभर अंतरावर. खाली भुश्यात मोजमापाचा पत्र्याचा टेप पडला होता. त्यावर लाल ऑइलपेंटनं ठळक लिहिलं होतं, "महारुद्र".

महारुद्र हा भुजंगचा चुलता, शेजारच्या शेताचा मालक. बादलीपासून बैलाच्या शिंगापर्यंत सगळ्यावर नाव घालायची त्याला खोड आहे. डुकरांच्या वासानं आपल्या पोरीची सोयरीक मोडली म्हणून वर्षभर तो ग्रामपंचायतीत बोंब मारत होता. त्याला बोलावणं धाडलं. तो आला तो नाकाला रुमाल लावून.

"काय हो महारुद्रभाऊ, एवढा वास येतो तर मंगळवारी इथं काय सुवास घ्यायला आला होता?" मी टेप पुढं धरला.

त्याचा रुमाल खाली आला. भुजंग जागचा उठला. "काका! तुमी माझी पिलं मारली?"

"अरे गाढवा, मारायला कामून येऊ? मापं घ्यायला आलतो!" महारुद्र कडाडला आणि लगेच मऊ पडला. "मला बी शेड टाकायचंय. पन्नास डुकरांचं. तुपल्या ह्या खोल्या किती बाय किती हायेत ते कुणाला इचारू? तुला इचारलं असतं तर गावभर हासला असतास."

"अन् वासानं तुमच्या पोरीची सोयरीक मोडली म्हणून जे वर्षभर बोंबलायलात..." भुजंग म्हणाला.

"ती हुंड्यापायी मोडली," महारुद्र म्हणाला. "वासाचं आपलं सांगायला बरं."

दीपिकाला हसू फुटलं, सकाळपासून पहिल्यांदा. मी मात्र त्याच्या बुटांकडं बघत होते. "मंगळवारी इथं यायच्या आधी कुठं गेला होता?"

"मानवतकडं, एकाचं शेड बघायला. चांगलं हाय. पिलं जरा पातळ हगत व्हती म्हणा."

"आणि हेच बूट?"

"मग काय, डुकरं बघायला येगळे बूट ठिवू?"

झालं! रोग कुठून आला ते कळलं. दाराशी चुन्याच्या पाण्याची घमेली पाय बुडवायलाच ठेवली होती, आणि महारुद्र ती ओलांडून गेला होता. भुजंगनं कोपऱ्यातलं फावडं उचललं, महारुद्र टाकीवर चढला. त्या टाकीवर दोघांनाही चढायची सवय दिसली.

"फावडं ठेव!" मी ओरडले. "आणि तुम्ही वरूनच सांगा. आत आल्यावर आधी कोणाच्या खोलीत गेला?"

"राणीच्या," महारुद्र वरून म्हणाला. "तिची पिलं लय गोजिरी. दोन-तीन उचलून बी घेतली."

 बूट आधी राणीकडं गेले, हातही तिच्याच पिलांना लागले. ती ठणठणीत, आणि सुंदरीची मेली.

"म्हणजे मग पोरीनं सुंदरीला पाणीच टोचलं!" भुजंग म्हणाला आणि खिशातला अर्ज चाचपला. सव्वादोन वाजले होते.

४

मी लिंबाखाली जाऊन बसले. शेजारी म्हाळसाबाईची शेळी बांधली होती, आटलेली म्हणत होते ती. सहज नजर गेली तर तिची कास भरून तट्ट झालेली. आटलेल्या शेळीची कास अशी असते का? मग चार दिवसांचं दूध जातंय कुठं?

मी उठले आणि सुंदरीकडं गेले. सकाळपासून सगळे पिलं बघत होते, आईकडं कोणी बघितलंच नव्हतं. बाळंतपणाच्या खोलीतही असंच होतं. बाळाभोवती गर्दी आणि बाई एका कुशीवर एकटी. सुंदरी तशीच आडवी पडून कण्हत होती. म्हाळसाबाईनं कान धरला, मी तिच्या सडांना हात लावला. कढत, आणि दगडासारखे टणक. शेवटच्या दोन सडांशी तर गाठी.

ही गाठ मी ओळखते. हजार बाळंतिणींच्या छातीला मी ती बघितलीय. दूध उतरलं आणि ओढायला बाळ नसलं की अशी गाठ येते. पलीकडं राणीच्या सडांना पिलांच्या दातांचे ओरखडेच ओरखडे होते. सुंदरीचे सड कोरे करकरीत.

"दीपिका!" मी अशी ओरडले की टाकीवरचा महारुद्र दचकला. "ते औषध डुकरिणीकडून पिलात जातं कशातून? नाळेतून ना?"

"न्हाई मावशी. डुकरिणीच्या नाळेतून काहीच जात न्हाई. सगळं दुधातून. पहिल्या चिकातून तर सगळ्यात जास्त. तोच पिलाच्या आतड्यावर बसून रोगाला अडवतो."

"मग हे मला सकाळीच का सांगितलं नाहीस?"

"तू इचारलंस कुठं? तू मलाच दम द्यायलीस!"

खरं होतं. माणसाचा हिशेब मी डुकराला लावत बसले होते. मी वळले. म्हाळसाबाई सुंदरीचा कान सोडून कमळीच्या खोलीत गेली होती. कमळीचं पहिलं पिलू बाहेर आलं होतं, ओलं, थरथरतं. म्हाळसाबाईनं ते फडक्यात घेतलं, मायेनं पुसलं आणि शेजारच्या नव्या टोपल्यात ठेवलं.

५

"म्हाळसाबाई," मी शक्य तेवढ्या हळू म्हणलं, "सुंदरीची पिलं टोपल्यात किती दिवस आहेत?"

"जल्मल्यापून."

"पाजलं काय?"

"शेळीचं दूध. बोळ्यानं. माज्या शेळीचं समदं त्येंलाच घातलं, तुमच्या च्याला बी ठिवलं न्हाई." ती अभिमानानं सांगत होती. "सिस्टर, जार पडल्याबगर चीक पाजायचा नसतो. अन् तीन रोज तो पिवळा, दाट असतो, कवळ्या पोटाला बाधतो, हगवण लागती. आमच्यात शेरडामेंढरायला बी असंच करतेत. तरी बगा ना, चीक पाजला न्हाई तरी हगवण लागलीच. पाजला असता तर अकराच्या अकरा गेली असती."

"आणि राणी व्याली तेव्हा तू कुठं होतीस?"

"भाचीच्या लग्नाला. चार रोज. तवा कोन बगनार? पिलं आपली मायला लागली व्हती."

भुजंगनं कपाळाला हात लावला. तो शेडात जायचा तो सुंदरीला भिऊन दारापर्यंतच. त्यानं टोपलं रोज बघितलं होतं, पण पिलं टोपल्यातून आईकडं जातात की नाही ते कधी बघितलं नव्हतं. आता सगळं जुळलं. महारुद्रच्या बुटांनी रोग दोन्ही खोल्यांत नेला. दीपिकाच्या सुईनं दोन्ही आयांच्या दुधात औषध तयार केलं. राणीच्या पिलांनी ते प्यायलं. सुंदरीचं औषध तिच्या सडांतच राहिलं, आणि पिलं तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर मेली.

हे मला सांगावं लागलं. मी भीत-भीत सांगितलं, आणि मी सहसा कोणाला भीत नाही. म्हाळसाबाई ऐकत गेली, तसा तिचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजी म्याच मारली," ती म्हणाली. "चार रोज पाठ टेकली न्हाई, अन् म्याच मारली."

"तिला आत्ताच्या आत्ता कामावरून..." भुजंगनं सुरू केलं.

"काढ!" मी म्हणलं. "आणि उद्यापासून सुंदरीचा कान तू धर."

भुजंगनं एकदा सुंदरीकडं बघितलं आणि तो विषय सोडला. मी हात पुढं केला. त्यानं अर्ज काढून दिला, मी फाडला, आणि लसीची पेटी त्यानं स्वतः उचलून दीपिकाच्या स्कूटीवर ठेवली. "चुकलं ताई," तो म्हणाला. "पुढच्या बारीला बी तूच ये." पेटीचा पट्टा घट्ट बांधताना दीपिका रडत होती. चौदा गावं तिची राहिली.

दीपिकानं सुंदरीचे सड कोमट पाण्यानं शेकले आणि सहा पिलं तिला लावली. दोघांना ओढायची ताकद नव्हती. चौघं चिकटली. ती वाचतील असं मी कोणाला म्हणलं नाही, पण सुंदरीचं कण्हणं थांबलं.

म्हाळसाबाई कमळीपाशी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. मोठ्या ऐटीत म्हणलं, "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. माणसांतही लोक असंच करायचे. आईचं पहिलं दूध टाकू नका, हेच सांगत मी एकतीस वर्षं ह्या गावात फिरले."

तिनं मान वर केली. "माणसाचं बी असंच असतं व्हय?"

"असंच असतं."

"माज्या सासूनं मपलं पैलं दूध भुईत पिळायला लावलं व्हतं. दोन्ही बारीला. दोन्ही लेकरं हगवनीनं गेली." ती रागानं बोलत नव्हती, तेच मला सोसेना. "सिस्टर, तुमी फिरायच्या ते गावात. ओढ्यापल्याड आमच्या वस्तीवर कवा आल्या व्हत्या?"

मी आठवायला लागले. ओढ्यापर्यंत गेल्याचं आठवलं. चप्पल भिजते म्हणून तिथूनच हाक मारल्याचं आठवलं, आणि कोणी आलं नाही म्हणून रजिस्टरमध्ये सही करून परतल्याचंही. त्यापुढचं काहीच आठवलं नाही. सकाळपासून मी सगळ्यांना दरडावून जबाब घेत होते. माझा जबाब मला देता आला नाही.

कमळीचं दुसरं पिलू आलं. म्हाळसाबाईनं ते पुसलं. टोपल्याकडं तिचा हात सवयीनं गेला आणि मध्येच थांबला. तिनं टोपल्यातलं पहिलं पिलूही काढलं आणि दोन्ही माझ्या ओंजळीत ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "कसं लावायचं ते दावा आता."

मी गुडघे टेकून शेणात बसले आणि दाखवलं.